वाचणारा आधी तपासावा

नानांचा आवाज नखाएवढ्या एका कार्डात होता आणि ते कार्ड वाचू शकेल असं घरात काहीच उरलं नव्हतं.

गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात, जंगलाला लागून असलेलं एक लहान गाव हे माझं आजोळ. २०११ च्या रमजानमध्ये माझ्या मामेभावाने नवा मोबाईल घेतला होता. इफ्तारनंतर अंगणात खाटेवर बसलेल्या नानांपुढे त्याने तो धरला आणि गावाच्या जुन्या गोष्टी विचारत राहिला. तीन संध्याकाळी नाना बोलले. तेव्हा त्यांनी ऐंशीच्या आसपास वय गाठलं होतं. दोन वर्षांनी ते गेले. पुढे मोबाईलही बंद पडला. त्यातलं कार्ड अम्मीने काढून सुरम्याच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि डबी लोखंडी पेटीत. त्यानंतर दहा वर्षं ती पेटी चंद्रपूरच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत होती. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना पत्र्याखालची लोखंडी पेटी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

कार्डाची आठवण झाली ती मामूंच्या फोनने. त्यांचा वनहक्काचा दावा परत आला होता. शेरा एका ओळीचा होता, ‘तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा जोडलेला नाही.’ मामू म्हणाले, “बेटा, अब्बा की वो रेकॉर्डिंग आपा के पास है ना? उस में कुएँ का और कब्रस्तान का सब बोले थे.”

हा लेख त्या कार्डाबद्दल आहे. पण त्याहून जास्त तो एका सवयीबद्दल आहे. जुनी गोष्ट कुणाकडून वाचून घेण्याआधी त्या वाचणाऱ्याची परीक्षा घेण्याची ही सवय. इतिहास लिहिणाऱ्यांना ती असते, असं मी समजत होतो. मला स्वतःला ती एका स्वस्त डीव्हीडी ड्राइव्हने लावली.

पंच्याहत्तर वर्षं म्हणजे काय

आधी दाव्याचं सांगतो, म्हणजे कार्डात काय अडकलं होतं ते कळेल.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ सालचा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ चे. आपल्या भागात ज्याला लोक जबरानजोत म्हणतात, त्या शेतीला या कायद्याने पहिल्यांदा सन्मानाने नाव दिलं. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वी जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. जो आदिवासी नाही, त्याला त्याशिवाय आणखी एक गोष्ट दाखवावी लागते. त्याच तारखेच्या आधी किमान तीन पिढ्या त्याचं कुटुंब जंगलभागात राहत होतं आणि जंगलावर जगत होतं. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली आहे. म्हणजे पंच्याहत्तर वर्षं. हिशेब केला तर तारीख निघते १३ डिसेंबर १९३०.

माझ्या नानांचे वडील पिंजारी होते. धनुकली खांद्यावर टाकून वैनगंगेच्या या काठाने गाद्या-रजया भरत फिरायचे. एका गावात त्यांना राहायला जागा मिळाली. पावसाळ्यात पिंजण्याचं काम नसे, म्हणून त्यांनी दोन धानाच्या बांध्या काढल्या, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता. अशा माणसाची नोंद कुठे सापडणार? चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा मेजर ल्युसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा आहे. १९०९ चं जिल्हा गॅझेटियर आहे. दोन्ही मी चाळली आहेत. त्यांत राजे आहेत, जमीनदार आहेत, मालगुजार आहेत, तलाव आहेत, सागवान आहे. सारा भरणाऱ्याला सरकार लक्षात ठेवतं. दुसऱ्याच्या गादीत कापूस भरणाऱ्याला ठेवत नाही.

मात्र नियम करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असावी. नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे ती फक्त सरकारी कागदांची नाही. तीत गॅझेटियर, जनगणना, नकाशे, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती आहे. तशीच विहीर, दफनभूमी, देवस्थान यांसारखी जुनेपण सांगणारी ठिकाणं आहेत. वंशावळ आहे. आणि शेवटी आहे दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं निवेदन, लेखी उतरवलेलं. यातले एकाहून अधिक पुरावे पाहावेत, असं नियम सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने तर अमुकच कागद आणा असा हट्ट धरू नये, असंही स्पष्ट केलं. आणि पंच्याहत्तर वर्षं वास्तव्याची आहेत, त्याच शेताच्या ताब्याची नव्हेत. अर्ज परत पाठवणाऱ्यांपर्यंत ही यादी पोचतेच असं नाही. अर्ज करणाऱ्यांपर्यंत तर क्वचितच.

विहीर आणि कब्रस्तान गावात आजही आहे. पण ती कधीची आहेत, हे सांगणारा माणस कार्डात होता.

“फॉरमॅट करावं लागेल”

माझ्या मोबाईलला कार्डाची जागा नाही. लॅपटॉपलाही नाही. शेजाऱ्याच्या जुन्या फोनमध्ये कार्ड घातलं तर पडद्यावर आलं की कार्ड खराब आहे, फॉरमॅट करायचं का? मी घाईने ते बाहेर काढलं. एका मोबाईल दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने कार्ड रीडरमध्ये सरकवलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, फॉरमॅट करावं लागेल. मग गाणी भरून देतो.” त्याचा काही दोष नव्हता. त्याच्याकडे येणाऱ्या कार्डांत गाणी असतात, ती पुन्हा भरता येतात.

घरी येऊन मी एक बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मागवला. जुन्या कागदांचे स्कॅन मी एकेकाळी सीड्यांवर उतरवून ठेवले होते, त्यांसाठी तो हवाच होता. या ड्राइव्हच्या कडेला दोन बारीक खाचा होत्या, एक मोठ्या एसडी कार्डाची, एक छोट्या मायक्रो एसडीची. एका वस्तूत दोन कामं. ड्राइव्ह आला त्या रात्री डबी उघडून कार्ड खाचेत घालायला मी हात पुढे केला होता. अम्मी म्हणाली, “पहले दूसरा डाल के देख.”

तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण आयुष्यभर तिने उकळतं दूध ओतण्याआधी भांडं हुंगून पाहिलं आहे.

कार्डांचं छोटंसं खानदान

दुसरं कार्ड शोधताना एका डब्यात तीन प्रकारची कार्डं निघाली आणि त्यांतलं एक तर कुठल्याच खाचेत बसेना. यामागेही इतिहास आहे, तो फार जुना नाही.

वीज गेली तरी मजकूर न विसरणारी आणि एका झटक्यात पुसता येणारी फ्लॅश स्मृती जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली. पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी क्षणात होते, म्हणून एका सहकाऱ्याने तिला हे नाव सुचवलं. आज कार्डांत असते तो तिचा नॅन्ड प्रकार १९८७ चा. पुढे प्रत्येक कंपनीने आपापला आकार काढला. १९९४ मध्ये सॅनडिस्कचं कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९५ मध्ये तोशिबाचं स्मार्टमीडिया, १९९७ मध्ये मल्टिमीडिया कार्ड, १९९८ मध्ये सोनीची मेमरी स्टिक. १९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केलं. २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी एक्सडी आणलं. २००५ मध्ये मायक्रो एसडी. शेवटी एसडीचं घराणं टिकलं, बाकीची कार्डं डब्यांत राहिली.

एसडीच्या घराण्यातही पिढ्या आहेत. पहिली पिढी २ जीबीपर्यंतची. २००६ मध्ये ३२ जीबीपर्यंत जाणारी एसडीएचसी आली, २००९ मध्ये त्याहून मोठी एसडीएक्ससी. आकार तोच, खाच तीच, पण जुना रीडर नवं कार्ड ओळखत नाही. कार्ड धडधाकट असतं आणि रीडर सांगतो की कार्ड खराब आहे. म्हणून कार्डाला दोष देण्याआधी पाहायचं, न वाचणारा कोण आहे?

हे वाचताना मला मोडी आठवली. १७५१ मध्ये चांद्याचं गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, १८५४ मध्ये इंग्रजांकडे. मधल्या शंभर वर्षांचा कारभार मोडीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी वाचणारी माणसं गावोगाव होती. कागद आजही आहेत, वाळवीने सगळे खाल्लेले नाहीत. वाचणारे संपले. आमच्या घरातही तेच. नानांची हिशेबाची वही उर्दूत आहे. माझी मुलं मराठी शाळेत शिकली, त्यांना ती वही म्हणजे नक्षी वाटते. आपण म्हणतो की आपल्या पूर्वजांनी काही लिहून ठेवलं नाही. अनेकदा त्यांनी लिहिलेलं असतं, आपल्याकडचा रीडर त्या पिढीचा नसतो.

परीक्षा

तर परीक्षा कशी घेतली ते सांगतो, कारण कुणाच्या तरी पेटीत असंच कार्ड असेल.

पहिली गोष्ट, ज्यातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं कार्ड घ्यायचं. मी नानांच्या कार्डासारखंच २ जीबीचं एक रिकामं कार्ड घेतलं. लॅपटॉपमधले ५०० फोटो आणि काही आवाजाच्या फाईल निवडल्या. प्रत्येक फाईलचा चेकसम काढून ठेवला. चेकसम म्हणजे फाईलमधल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांबलचक क्रमांक. मजकुरात एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी क्रमांक पूर्ण बदलतो. मग त्या फाईल या ड्राइव्हमधूनच कार्डावर टाकल्या.

दुसरी गोष्ट, कार्ड बाहेर काढून पुन्हा घालायचं. तसं केलं नाही तर कॉम्प्युटर आपल्याच आठवणीतून उत्तर देतो, कार्ड वाचतच नाही. आपल्याला वाटतं परीक्षा झाली.

तिसरी गोष्ट, तेच कार्ड तीनदा वाचायचं. तिन्ही वेळा चूक एकच असेल तर दोष कार्डात किंवा लिहिण्यात असण्याची शक्यता जास्त. दर वेळी चूक वेगळी असेल तर दोष वाचणाऱ्यात.

पहिल्या वाचनात दोन फाईलचं नाव बरोबर, आकार बरोबर, चेकसम मात्र वेगळा. दुसऱ्या वाचनात मधेच कार्ड पडद्यावरून गायब झालं आणि आपोआप परत आलं. तिसऱ्या वाचनात तिसरीच फाईल बिघडली. म्हणजे कार्ड ठीक होतं, वाचणारा अडखळत होता. मग लक्षात आलं की ड्राइव्हमध्ये स्कॅनची सीडी तशीच होती आणि ती मधूनमधून फिरत होती. सीडी फिरवणारी मोटर आणि कार्ड वाचणारी चिप एकाच यूएसबी तारेवर जगतात. जुन्या यूएसबी २.० जोडणीतून नेमाने ५०० मिलीअँपिअर वीज मिळते, यूएसबी ३.० मधून ९००. मोटर सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त ओढते, आणि त्या क्षणी कार्डाच्या चिपला चक्कर येते. सीडी काढली, लांब तार बदलून आखूड तार लावली, ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या ३.० च्या खाचेत जोडला. पुन्हा तीन वाचनं. पाचशेच्या पाचशे फाईल तिन्ही वेळा जुळल्या.

आता नानांचं कार्ड घालायला हरकत नव्हती, असं मला वाटलं. पण एक परीक्षा बाकी होती. मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक छोटं कुलूप असतं, सरकवलं की कार्डावर काही लिहिता येऊ नये असं. मायक्रो कार्डाला ते नसतं, म्हणून ते ॲडॉप्टरमध्ये बसवून मोठ्या खाचेत घालायचं ठरवलं होतं. चाचणीचं कार्ड तसं कुलूप लावून घातलं आणि एक फोटो पुसून पाहिला. तो पुसला गेला! ते कुलूप म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. तो कुठे आहे हे पाहायचं काम रीडरचं, आणि हा रीडर पाहतच नव्हता. त्या रात्री अम्मीचं ऐकलं नसतं, तर कुलपाच्या भरवशावर मी कार्ड घातलं असतं आणि कॉम्प्युटरने त्यावर आपल्या खुणा लिहायला सुरुवात केली असती.

ज्याला पारखायचं तो

रिवायत आणि रावी हे शब्द आपल्या वाचकांना नवे नाहीत, इतरांसाठी सांगतो. हदीस गोळा करणाऱ्या विद्वानांनी ‘काय सांगितलं’ याच्याइतकंच वजन ‘कुणी सांगितलं, त्याने कुणाकडून ऐकलं’ याला दिलं. सांगणाऱ्याची, म्हणजे रावीची, स्मरणशक्ती कशी होती, म्हातारपणी ती ढळली का, ढळली असेल तर आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, याच्या नोंदींची ग्रंथच्या ग्रंथ भरतील एवढी मोठी विद्या उभी राहिली. इमाम बुखारी बगदादला आले तेव्हा तिथल्या विद्वानांनी शंभर हदीसांच्या साखळ्या मुद्दाम उलटसुलट करून त्यांना ऐकवल्या आणि त्यांनी प्रत्येक साखळी जागच्या जागी लावून दिली, असा किस्सा सांगितला जातो. त्यातली पद्धत पाहा. विचारणाऱ्यांना उत्तरं आधीच ठाऊक होती. माहीत असलेल्यावर माणूस पारखला, मग माहीत नसलेल्यावर त्याचं ऐकलं.

माझ्या ५०० फोटोंची परीक्षा त्याच जातीची होती. आणि कार्ड वाचून झाल्यावर तीच परीक्षा मला आणखी एकाची घ्यावी लागणार होती. नानांची.

आवाज

नानांचं कार्ड विंडोजमध्ये उघडलंच नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, कार्ड आपोआप उघडण्याची सोय बंद केली आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने कार्डाची पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत जशीच्या तशी नक्कल काढली. हा प्रोग्रॅम अडखळलेली जागा सोडून पुढे जातो, सोपं आहे ते आधी वाचवतो आणि मग अवघड जागांकडे परत येतो. फ्लॅश कार्डात मजकूर म्हणजे कोंडून ठेवलेला विजेचा भार. वर्षानुवर्षं तो झिरपत असतो आणि उन्हात लवकर झिरपतो. दहा उन्हाळ्यांनी काही जागा रिकाम्या केल्या होत्या. फाईलींची यादी ठेवणारा भागच त्यात गेला होता, म्हणून सगळे फोन ‘फॉरमॅट करा’ म्हणत होते. अनुक्रमणिका फाटली होती, पानं बहुतेक शाबूत होती.

मूळ कार्ड परत डबीत ठेवलं. पुढचं सगळं काम नकलेवर. फोटोरेक या प्रोग्रॅमने तीत शोध घेतला तेव्हा आवाजाच्या तीन फाईल निघाल्या. त्या काळचे फोन आवाज इतका दाबून ठेवत की मिनिटाला जेमतेम ९० केबी लागत. म्हणूनच कदाचित त्या वाचल्या, लहान चीज लपते. दोन फाईल पूर्ण होत्या, तिसरी अकराव्या मिनिटाला तुटत होती.

मी अम्मीला हाक मारली. पहिल्या फाईलमध्ये आधी नानांचा खोकला आला, मग कुणीतरी पाणी ओतल्याचा आवाज. अम्मी उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली.

नानांनी विहिरीबद्दल सांगितलं होतं. त्यांच्या अब्बांनी आणि शेजारच्या गोंड कुटुंबाने मिळून ती खोदली. खडक लागला तेव्हा काम थांबलं. मग ‘गवत कापल्याच्या सालात’ पाणी लागलं, असं अब्बा सांगायचे. कब्रस्तानात पहिली मय्यत त्यांच्या थोरल्या बहिणीची, ती नानांच्या जन्माआधी गेली. तिच्या डोक्याशी लावलेला मोहाचा रोप आज झाड आहे.

गवत कापल्याचं साल. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि जंगल सत्याग्रह वऱ्हाड-मध्यप्रांतात पसरला. तारीख १३ डिसेंबर १९३० ची हवी होती आणि आवाज १९३० चा पावसाळा सांगत होता.

इतकं सोयीचं उत्तर मिळालं की इतिहासाच्या माणसाने घाबरावं. ही ऐकीव गोष्ट होती, नानांच्या अब्बांची. म्हणून मी नानांना त्यांच्याच रेकॉर्डिंगमधल्या दुसऱ्या गोष्टींवर तपासलं, ज्यांची उत्तरं छापील नोंदींत आहेत.

चिमूरबद्दल ते सांगतात की ते दहा-अकरा वर्षांचे होते, नागपंचमी होती, आणि दोन दिवसांनी नदीपलीकडून बातमी आली की चिमूरला गोळ्या चालल्या, लोकांनी साहेबांना मारलं. चिमूरचा उठाव १६ ऑगस्ट १९४२ चा आणि त्या दिवशी नागपंचमीच होती. त्यानंतर लष्कराने गावात जे केलं, विशेषतः बायकांवर, त्याविरुद्ध प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. नाना म्हणतात, “महिनोन्‌महिने आमच्या बायकांना बाजाराला पाठवलं नाही.” इथे नाना जुळले.

गडचिरोली वेगळा जिल्हा कधी झाला, यावर ते म्हणतात, ‘इंदिराबाई गेल्या त्या वर्षी.’ इंदिरा गांधींची हत्या १९८४ ची, जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. इथे नाना दोन वर्षांनी चुकले.

म्हणजे बालपण पक्कं, म्हातारपणीचं थोडं सैल. बहुतेक म्हाताऱ्यांचं असंच असतं. हे दोन्ही मी मामूंना दिलेल्या टिपणात लिहिलं. चूकही लिहिली. मामूंना ते पटलं नाही, “गलती काहे को लिखा?” मी म्हटलं, मामू, जो आपली चूक लपवतो त्याच्या बरोबर गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

वाघाचा पुरावा, माणसाचा पुरावा

आमच्या ताडोब्यात असली कार्डं हजारोंनी आहेत. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत ती बसलेली असतात. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रं आली, त्यांत ७६,६५१ वाघांची. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. मला याचा अभिमान आहे, वाघ आमचेही आहेत. पण त्या वाघाच्या वास्तव्याचं कार्ड कुणीतरी नेमाने जाऊन काढतं, तपासलेल्या रीडरमध्ये वाचतं, नक्कल जपून ठेवतं. त्याच जंगलाच्या कडेला तीन पिढ्या राहिलेल्या माणसाचं कार्ड सुरम्याच्या डबीत होतं.

याच गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ते गाव वर्षानुवर्षं एकत्र बसून चर्चा करत होतं, अभ्यास करत होतं, लिहून ठेवत होतं. हक्क मागायच्या दिवशी आठवणी शोधायला त्यांना पेटी उघडावी लागली नाही.

पुढे काय झालं

रेकॉर्डिंगला एक मोठी मर्यादा होती. नियमाला निवेदन लेखी हवं आणि नाना आता सही करू शकत नव्हते. ते हयात असताना आम्ही तासन्‌तास त्यांचं बोलणं भरून घेतलं, पण दोन पानं लिहून त्यांचा अंगठा घ्यायचं कुणाला सुचलं नाही. हे मला अजून लागतं.

पण नानांनी बोलताना एक नाव घेतलं होतं. विहीर खोदणाऱ्या त्या गोंड घरातली सून, लग्न होऊन आली तेव्हा हीच विहीर पुजून घरात शिरलेली. ती आजी आहे, नव्वदीच्या आसपासची. मामू आणि मी तिच्या घरी गेलो. मी लॅपटॉपवर नानांचा आवाज लावला. ती आधी हसली, म्हणाली, “हा त पिंजारीभाऊच होय.” मग गप्प बसून शेवटपर्यंत ऐकलं. विहिरीचं आलं तेव्हा तिने हात वर केला. नानांनी सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. पाणी लागलं त्या दिवशी दोन्ही घरांनी मिळून गुळाचा भात केला होता, तिची सासू दर वर्षी त्याची आठवण काढायची. नानांच्या बहिणीला मूठमाती द्यायला आपले सासरे गेले होते, हेही तिला ठाऊक होतं.

ती दावेदार नाही. तिचं निवेदन ग्रामसभेसमोर लिहून घेतलं, वाचून दाखवलं, तिचा अंगठा घेतला. सोबत विहिरीचा आणि कब्रस्तानातल्या मोहाचा फोटो, वंशावळ, नानांच्या वहीतली चार पानं मराठी लिप्यंतरासह, आणि रेकॉर्डिंगचं टिपण, चुकीसकट. दावा पुन्हा गेला आहे. निकाल अजून लागलेला नाही. मामू दर जुम्म्याला फोन करून विचारतात आणि मी दर वेळी तेच उत्तर देतो.

नक्कल आता तीन ठिकाणी आहे, एक माझ्याकडे, एक मामेभावाकडे, एक तिसऱ्या गावात राहणाऱ्या खालाकडे. सहा महिन्यांनी चेकसम जुळवून पाहायचं ठरलं आहे. संपूर्ण बोलणं मी मराठीत उतरवून छापलं आहे, कारण कागदाला रीडर लागत नाही, निदान मराठी वाचणारे आहेत तोवर तरी.

तुमच्याही घरात अशी एखादी डबी असेल. उघडा, पण घाई करू नका. आधी दुसरं कार्ड घालून पाहा. आणि ज्यांचा आवाज अजून अंगणात आहे, त्यांच्याजवळ आज संध्याकाळी एक वही घेऊन बसा. त्यांचं बोलणं झालं की त्यांना वाचून दाखवा आणि त्यांची सही घ्या.